घरातला शांत मुलगा ऑनलाइन कुणाचा तरी छळ का करतो?

प्रश्न एका आईचा आहे. मुलगा पंधरा वर्षांचा, घरी अबोल, धाकट्या बहिणीवर जीव टाकणारा. शाळेतून बोलावणं आलं तेव्हा कळलं, की त्याने आणि त्याच्या दोन मित्रांनी वर्गातल्या एका मुलाच्या नावाने खोटं अकाउंट उघडलं होतं. तो मुलगा बोलताना अडखळतो. त्याची नक्कल करणारे व्हिडिओ तीन महिने त्या अकाउंटवर पडत होते आणि शाळेतली ऐंशीएक मुलं ते बघत होती. विचारल्यावर हा म्हणाला, "अगं, मजा चालली होती." आईचं विचारणं असं: याच्यात काही विकृती आहे का, आमचं काय चुकलं, आणि आता याला माफी मागायला लावू का?

ताई, विकृतीचं आधी सांगतो. बहुधा नाही. 'बहुधा' हा शब्द मुद्दाम घातलाय, त्याच्याकडे नंतर येतो.

गेल्या वीसेक वर्षांत छळ सोसलेली मुलं माझ्याकडे पुष्कळ आली. छळ करणारीही कमी आली नाहीत. फरक इतकाच, की ती येत नाहीत, त्यांना आणलं जातं. दारातून आत येणारं पोर बघितलं की कित्येकदा मनात येतं, हा? याने हे लिहिलं? चष्मा सावरत, आईच्या मागे मागे चालणारा असतो.

सुरुवातीच्या काळात मी या मुलांना "का केलंस?" असंच विचारायचो. त्यावर मिळणारं उत्तर ठरलेलं असतं. खांदे उडवणे, "असंच", "मजा". मग एकदा एका मुलीला मी सहज विचारलं, "ते टाकल्यावर कुणी बघितलं हे तू तपासलं असशीलच. सगळ्यात आधी कुणाचं नाव शोधलंस?" तिने क्षणभरही न थांबता एका मुलीचं नाव सांगितलं. जिच्याबद्दल लिहिलं होतं, तिचं नव्हे. वर्गातल्या एका घोळक्यात हिला शिरायचं होतं, त्या घोळक्यातल्या म्होरकीचं. त्या दिवसापासून मी 'का' विचारणं सोडलं. "हे कुणी बघावं असं तुला वाटत होतं?" एवढंच विचारतो, आणि याचं उत्तर बहुतेक मुलांकडे तयार असतं.

ऑनलाइन छळात घाव ज्याच्यावर बसतो तो एक, आणि ज्यांनी बघावं म्हणून घातला जातो ते दुसरेच. त्यातला पहिला पडद्यावर दिसत नाही. दुसरे मात्र नावानिशी, आकड्यानिशी दिसतात.

आधी न दिसणाऱ्याबद्दल बोलू. समोरासमोर कुणाला चिडवताना त्याचा चेहरा पडतो, ओठ थरथरतो, डोळे भरतात. चिडवणारा दगडाचा नसेल तर त्याचा हात तिथेच आखडतो. जेम्स ब्लेअर या मानसशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात हीच कल्पना मांडली: दुसऱ्याच्या दुःखाच्या खुणा दिसल्या की माणसाची आक्रमकता आपोआप आवरली जाते. मस्करीची कुस्करी होते आहे, हे कळायला पोरांना तेवढंच साधन असतं. फोनवर ते साधनच नाही. तुमच्या मुलाने तीन महिन्यांत त्या मुलाला किती वेळा रडताना पाहिलं असेल? बहुतेक एकदाही नाही. शाळेत तो मुलगा नेहमीसारखाच वावरत असणार, कदाचित थोडा जास्त गप्प.

नाव लपवता येतं म्हणून माणसं सुटतात, ही समजूत सगळीकडे ऐकू येते. मला ती अर्धीच खरी वाटते. वर्गाच्या ग्रुपवर मुलं स्वतःच्या नावानिशी, फोटोनिशी एकमेकांची सालटी काढत असतात. हैफा विद्यापीठातल्या नोआम लापिदोत-लेफ्लर आणि आझी बराक यांचा २०१२ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग याबाबतीत बघण्यासारखा आहे. त्यांनी एकमेकांना न ओळखणाऱ्या १४२ जणांच्या जोड्या लावल्या आणि त्यांना चॅटवर एका पेचावरून वाद घालायला बसवलं. काही जोड्यांना एकमेकांची माहिती दिली, काहींना नाही. काही एकमेकांना कॅमेऱ्यात दिसत होते, काही नाही. आणि काहींच्या बाबतीत नजरेला नजर भिडेल अशी सोय केली. बोलणं धमक्यांवर आणि अपशब्दांवर घसरण्यात सगळ्यात मोठा वाटा निघाला तो नजर न भिडण्याचा. नाव लपलेलं असण्याचा वाटा त्यापुढे लहान होता. म्हणजे 'मला कुणी ओळखत नाही' यापेक्षा 'त्याचे डोळे मला दिसत नाहीत' हे जास्त घातक.

मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी २००४ साली ऑनलाइन माणसं अशी मोकाट का सुटतात याची सहा कारणं सांगितली होती. त्यातल्या दोहोंकडेच मी तुमचं लक्ष वेधीन. एक म्हणजे वेळेची फट. टाकलं, फोन खिशात घातला, खेळायला गेला. परिणाम घडतो तेव्हा करणारा तिथे हजरच नसतो. दुसरं जरा सूक्ष्म आहे. आपण दुसऱ्याचा मजकूर मनात आपल्याच आवाजात वाचतो. हळूहळू तो माणूस माणूस राहत नाही, आपल्या डोक्यातलं एक पात्र होतो. त्याचं दिसणं, बोलणं, स्वभाव सगळं आपणच ठरवतो आणि त्या पात्राशी आपण वाटेल तसं वागतो. तुमच्या मुलाने तर त्या मुलाच्या नावाचं अकाउंटच चालवलं. तीन महिने तो त्या मुलाचं पात्र लिहीत होता. खऱ्या मुलाशी त्याची शेवटची बातचीत कधी झाली, विचारून बघा.

(हाच मोकळेपणा चांगल्या कामीही येतो, हेही सुलर सांगतात. माझ्यासमोर तासभर तोंड न उघडणारं पोर रात्री मेसेजवर सगळं सांगून टाकतं. तेव्हा सगळं खापर फोनच्या माथी फोडू नका.)

आता दिसणाऱ्यांकडे वळू, कारण खरं पाणी तिथेच मुरतं. मुलांमधला छळ बहुतेकदा पत मिळवण्यासाठी किंवा टिकवण्यासाठी असतो. रॉबर्ट फॅरिस आणि डायन फेल्मली या दोन समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या शाळकरी मुलांच्या मैत्रीचं जाळं मांडून बघितलं, त्याचा निष्कर्ष २०११ साली आला. सगळ्यात तळातली मुलं सगळ्यात आक्रमक असतील असं आपल्याला वाटतं. तसं नव्हतं. जसजशी मुलाची वर्गातली पत वाढते, तसतसं त्याचं इतरांना त्रास देणंही वाढत जातं, आणि अगदी शिखरावरच्या दोनेक टक्क्यांत पोचलं की घसरतं. पोचलेल्याला गरज उरत नाही, चढणाऱ्याला असते. त्यामुळे त्या तिघांत तुमचा मुलगा कितवा, हे मला कळायला हवं. अकाउंट काढण्याची कल्पना कुणाची, व्हिडिओ कोण बनवायचं, आणि कोण नुसतं हसायचं. माझा अंदाज असा, की तुमचा अबोल मुलगा कल्पना काढणारा नसावा. नक्कल छान जमते म्हणून त्याला पहिल्यांदाच कुणीतरी आपल्यात घेतलं असावं. हा अंदाज चुकीचाही असेल.

त्यातून वय पंधरा. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ साली गाडी चालवण्याच्या एका व्हिडिओ गेमवर साधा प्रयोग केला. खेळणारा एकटा असताना आणि मित्र बाजूला उभे असताना तो किती धोका पत्करतो, हे त्यांनी मोजलं. मित्र आले की किशोरवयीन मुलं कितीतरी जास्त धोका पत्करत होती, प्रौढांवर मात्र फारसा परिणाम नव्हता. ही झाली दोघा-तिघांची गोष्ट. खिशातल्या फोनमध्ये ऐंशी जण दिवसरात्र बाजूला उभे असतात, आणि त्यांची दाद कधी पाच मिनिटांत येते, कधी दुसऱ्या दिवशी, कधी अचानक ढिगाने. अशी अनियमित मिळणारी शाबासकी सवय सगळ्यात पक्की करते, हे वर्तनशास्त्राला फार पूर्वीपासून माहीत आहे. पहिल्या व्हिडिओवर कुणीच हसलं नसतं, तर दुसरा आला असता का? मला नाही वाटत.

आपण मोठ्यांनी नाक वर करायचं काही कारण नाही. येल विद्यापीठातल्या विल्यम ब्रेडी आणि मॉली क्रॉकेट यांच्या गटाने २०२१ साली ७,३३१ जणांचे सव्वा कोटीहून अधिक ट्वीट तपासले. ज्यांच्या संतापाला लाइक आणि शेअर मिळाले, त्यांचा संताप पुढच्या ट्वीटमध्ये वाढलेला दिसला. फरक एवढाच, की मोठा माणूस एखाद्याच्या मागे हात धुवून लागतो तेव्हा त्याला 'मजा' म्हणत नाही, 'जाब विचारणं' म्हणतो.

त्या 'मजा' शब्दापाशी जरा थांबू या, कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे. आपलं वागणं आपल्याच नीतीत बसत नसेल तेव्हा मन कोणत्या पळवाटा काढतं, याचा अभ्यास अल्बर्ट बँडुरा या मानसशास्त्रज्ञाने अनेक वर्षं केला. त्यांनी अशा आठ पळवाटा सांगितल्या. मला त्या पुस्तकात वाचायची गरज पडत नाही, मुलांच्या तोंडून रोज ऐकतो. कृत्याला गोड नाव देणं ही पहिली, म्हणजे तुमची 'मजा'. "मी फक्त एडिट केलं, टाकलं त्याने." "दुसऱ्या वर्गातले तर फोटो मॉर्फ करतात, आम्ही निदान तसलं काही केलं नाही." "सगळेच करत होते." "तोच नीट बोलत नाही, त्याला आम्ही काय करणार?" आणि सगळ्यात जास्त वेळा येणारं: "त्याला काही वाटत नव्हतं, तोही हसायचा."

तोही हसायचा, हे खरंच असतं, म्हणून ते जास्त वाईट. ज्याची टिंगल चालली आहे त्याच्याकडे त्या क्षणी दोनच रस्ते असतात, चिडून दाखवायचं आणि आणखी चिडवून घ्यायचं, किंवा हसून वेळ मारून न्यायची. माझ्याकडे आलेल्या एका मुलाने स्वतःवरच्या मीमला स्वतःच हसण्याच्या चार बाहुल्या (इमोजी) टाकल्या होत्या. टाकताना तो बाथरूममध्ये कडी लावून बसला होता. पलीकडच्या मुलांनी ती हसणारी चित्रं मला पुरावा म्हणून दाखवली.

पळवाट कुणाला लागते? ज्याच्या वाटेत भिंत आहे त्याला. तुमच्या मुलाला संस्कार नसते तर त्याला 'मजा' हा शब्द लागलाच नसता, तो सरळ म्हणाला असता, मला त्याला रडवायचं होतं. 'आमचं काय चुकलं' याचं माझ्यापाशी एवढंच उत्तर आहे. दुसऱ्याला लागेल असं वागायचं नाही, हे त्याला येतं. समोर माणूस दिसत नसतानाही तो असतो, हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. तसं आपल्या पिढीलाही कुणी शिकवलं नव्हतं, आपल्याला गरज उशिरा पडली.

एक सार्वत्रिक गैरसमज मात्र खोडून काढायला हवा. 'छळणाऱ्याला आतून न्यूनगंड असतो' असं शाळेतही सांगितलं जातं आणि पालकांना ते ऐकायला बरं वाटतं. रॉय बॉमायस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली या समजुतीची चिरफाड केली होती. त्यांच्या मते आक्रमकतेचं मूळ कमी आत्मसन्मानात नाही, स्वतःबद्दलच्या फुगलेल्या पण डळमळीत प्रतिमेला धक्का लागण्यात आहे. हे मला रोजच्या कामात पटतं. स्वतःला खरोखर कमी समजणारी मुलं कोपऱ्यात बसतात. फुगा फुटायच्या भीतीत जगणारी मुलं टाचणी घेऊन फिरतात. यातून व्यवहारात फरक पडतो: 'याचा आत्मविश्वास वाढवा' म्हणून अशा मुलाचं कौतुक करत सुटलात, तर फुगाच मोठा होतो.

ज्यांचा स्वतःचा छळ झालाय आणि ते आता दुसऱ्याचा करतात, अशांचा एक गट वेगळा असतो. शाळेत मार खाल्लेलं पोर रात्री फोनवर वचपा काढतं, कारण तिथे दंडाची ताकद चालत नाही, बोटांची चालते. बघा, तुमच्या मुलाच्या मागे असं काही आहे का. "त्याचा राग बाहेर पडतोय तर पडू दे," असं मात्र कृपा करून म्हणू नका. ब्रॅड बुशमन यांनी २००२ साली संतापलेल्या विद्यार्थ्यांना पंचिंग बॅग दिली. ज्याच्यावर राग आहे त्याला डोळ्यांसमोर आणून गुद्दे मारणाऱ्यांचा राग नंतर जास्त निघाला. नुसते शांत बसून राहिले त्यांचा त्याहून कमी. राग ओकून संपत नाही, त्याचा सराव होतो.

आता ते 'बहुधा'. काही थोड्या माणसांना दुसऱ्याच्या वेदनेतच सुख मिळतं. कॅनडातल्या एरिन बकल्स, पॉल ट्रॅपनेल आणि डेलरॉय पॉलहस यांच्या २०१४ सालच्या अभ्यासात, आपल्याला ट्रोलिंग आवडतं असं सांगणाऱ्यांत परपीडेच्या आनंदाचं प्रमाण ठळकपणे जास्त आढळलं. हे ओळखायला माझी एक ढोबळ कसोटी आहे: प्रेक्षक काढून घेतले तर काय उरतं? बहुतेक मुलांचा उत्साह तिथेच मावळतो. एखादा मात्र कुणीही बघत नसताना, कुणालाही न सांगता, त्याच माणसाला खाजगी मेसेज करत राहतो, त्याच्या उत्तरातली भीती पुन्हा पुन्हा वाचतो. जोडीला प्राण्यांना किंवा लहान भावंडांना त्रास देणं दिसलं तर मी ते हलक्यावर घेत नाही. तुमच्या मुलाचं बहिणीशी असलेलं वागणं तुम्ही लिहिलंय, म्हणून मी निर्धास्त आहे. पूर्ण नाही, पण बऱ्यापैकी.

उरलेल्यांचं काय? जस्टिन चेंग आणि सहकाऱ्यांच्या २०१७ सालच्या प्रयोगात ६६७ जणांना आधी सोपी किंवा अवघड चाचणी दिली आणि मग एका लेखावर मत लिहायला सांगितलं. काहींना लेखाखाली आधीच्या साध्या प्रतिक्रिया दिसत होत्या, काहींना खवचट. चाचणी सोपी आणि प्रतिक्रिया साध्या असताना ३५ टक्के प्रतिक्रिया ट्रोलिंगच्या निघाल्या. चाचणीने मूड गेलेला आणि आधीच्या प्रतिक्रियाही घाणेरड्या, असं दोन्ही जुळलं की ६८ टक्के. वेगळ्या जातीची माणसं कुठून आणली नव्हती. दिवस वाईट गेला होता आणि वाट आधी कुणीतरी मळलेली होती.

वाट मळणारे म्हणजे ते ऐंशी जण. फिनलंडच्या क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी १९९६ सालापासून दाखवून दिलंय, की छळात मुलं दोन बाजूंना नसतात. म्होरक्याला हात देणारी, लांबून हसून हवा देणारी, पडणाऱ्याची बाजू घेणारी, आणि नामानिराळी राहणारी अशा सगळ्या भूमिका वर्गात वाटलेल्या असतात. ऑनलाइन या शेवटच्या गटाची मोठी पंचाईत होते. वर्गात कुणी मान फिरवून निघून गेलं तर ते दिसतं. फोनवर मात्र नाराज होऊन बघणारा आणि मिटक्या मारत बघणारा यांचा आकडा एकच. ज्याने तिरस्काराने व्हिडिओ बंद केला, त्याचंही 'पाहिलं' तुमच्या मुलाच्या खात्यात शाबासकी म्हणून जमा झालं. आणि त्या अडखळणाऱ्या मुलाला ते ऐंशीच्या ऐंशी आपल्या विरोधात दिसले.

दान ओल्वेउस या संशोधकाने छळाची जी व्याख्या रुजवली तीत हेतू, ताकदीतली तफावत आणि पुनरावृत्ती हे तीन भाग आहेत. ऑनलाइनमध्ये तिसऱ्याचा हिशोब दोन्हीकडे वेगळा लागतो. तुमचा मुलगा मोजणार, आम्ही आठ-दहाच व्हिडिओ टाकले. तो मुलगा मोजणार, कॉरिडॉरमध्ये समोरून येणारा प्रत्येक चेहरा, याने बघितला असेल का? दोघंही खोटं बोलत नसतात.

तर माफी. आज नको. आज सगळ्या गोष्टींचे स्क्रीनशॉट शाळेकडे आणि त्या मुलाच्या पालकांकडे पोचू द्या, मग अकाउंट बंद करा, या क्रमाने. त्याच अकाउंटवरून किंवा ग्रुपवर जाहीर माफी तर अजिबात मागायला लावू नका. तो पुन्हा त्याच प्रेक्षकांपुढचा खेळ होतो आणि त्या बिचाऱ्याचं नाव पुन्हा चव्हाट्यावर येतं. दोघांना एका खोलीत बसवून 'हात मिळवा' म्हणणं हाही तसलाच अत्याचार. भेटायचं की नाही, हे तो मुलगा ठरवील.

तुमच्या मुलाला चारचौघांत लाज वाटेल असं काही करू नका. जून टँगनी यांनी लाज आणि अपराधभाव यांतला फरक अनेक अभ्यासांतून दाखवला आहे. 'मी वाईट आहे' या भावनेने माणूस चिडतो आणि दोष दुसऱ्यावर ढकलतो. 'मी वाईट केलं' या भावनेने भरपाई करायला निघतो. फोन थोडे दिवस काढून घ्यायला माझी हरकत नाही, पण तेवढ्याने तो फोनसाठी झुरेल, त्या मुलासाठी नाही.

मी अशा मुलांना दोन कोरी पानं देतो. पहिल्यावर लिहायचं, कोण कोण बघत होतं आणि कोण काय म्हणालं. दुसऱ्यावर लिहायचं, त्या तीन महिन्यांत तो मुलगा मधल्या सुट्टीत कुठे असायचा, कुणाबरोबर डबा खायचा, वर्गात शेवटचं उत्तर द्यायला कधी उभा राहिला. पहिलं पान दहा मिनिटांत भरतं. दुसऱ्यावर पोरं पेन टेकवून बसून राहतात. तुम्ही घरी हे करून बघा, मदत करू नका, ओरडू नका, पान तसंच टेबलावर राहू द्या. काही मुलांना त्यावर पहिली ओळ लिहायला आठवडा लागतो, कारण त्यासाठी त्यांना शाळेत जाऊन त्या मुलाकडे बघावं लागतं. ती ओळ आली की मला कळवा, मग माफीचं बोलू.